पिस्तुलाला वाहिलेल्या अक्षता

येनातल्या गणपतीत आरती झाली की दरवर्षी कुणीतरी नवीन आलेलं जोडपं मला विचारायचं, "ताई, तुम्हीपण ऑप्टिक्समध्येच का?" इथे आपली माणसं एक तर भिंगांच्या कंपनीत, नाहीतर युनिव्हर्सिटीत. मी म्हणायचे, "नाही हो, मी पिस्तुलं झाडते." मग त्या बाईचा मोदक तोंडाशी थांबायचा आणि आमचे हे घाईघाईने म्हणायचे, "टेस्टिंग, टेस्टिंग करते ती!" खोटं कशाला बोलू, मला ती गंमत भारी आवडायची. अकरा वर्षं मी ती पुरवून पुरवून वापरली. हल्ली कुणी विचारलं तर "मोजमापाचं काम करते" एवढंच सांगते आणि प्रसाद घेऊन बाजूला होते.

संपादकांना मी कबूल केलं होतं की मोठ्या कॅलिबरचं पिस्तूल झाडताना कसं वाटतं त्यावर लिहीन. ते लिहितेच आहे. पण ते लिहायला बसले की एक माणूस डोळ्यासमोर येतो, आणि त्याला वगळून एक ओळही पुढे सरकत नाही.

आधी धंदा सांगते. येनापासून तासाभरावर, थुरिंगियाच्या डोंगरात एक गाव आहे. तिथे पिढ्यानपिढ्या बंदुका घडवणारे कारागीर. त्या गावात आमची सात माणसांची खाजगी प्रयोगशाळा होती. जर्मनीत पिस्तूल चालवणं हा हजारो साध्यासुध्या माणसांचा क्लबातला खेळ आहे, आपल्याकडे कॅरम असावा तसा, फक्त कायदा फार कडक. या खेळाची पिस्तुलं बनवणारे आमच्याकडे नमुना पाठवायचे. आम्ही तो मोजायचा, शिकंज्यात आवळून झाडायचा, मग हातात धरून झाडायचा, आणि अहवाल द्यायचा. त्या अहवालाचं शेवटचं पान म्हणजे ‘शीसआइनड्रुक’, झाडताना माणसाला काय जाणवलं ते. ते पान माझं. कराडची मेकॅनिकल इंजिनिअर, आडनाव घोरपडे, उंची पाच फूट एक इंच. साहेबांनी मला या कामाला घेतलं ते माझ्या पदवीकडे बघून नाही, पंजाकडे बघून. लहान पंजाच्या माणसाला हे पिस्तूल झेपेल का, ते सांगणारं त्यांच्याकडे कुणी नव्हतं.

आता पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल. गोळी आपल्या करंगळीच्या पेराएवढी जाड. पिस्तूल किलोभराच्या पुढे. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल हाताला चापट मारतं, चटकन आणि झोंबणारी. पंचेचाळीसचं तसं नाही. ते ढकलतं. एसटीत चढताना मागून एखादी भरभक्कम मावशी "सरका की पुढं" म्हणून तळव्याने रेटते ना, तसं. मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात. नळीचं तोंड वर जातं आणि सावकाश खाली येतं. वरचा लोखंडी भाग मागे जाऊन रिकामं टरफल बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवी गोळी नळीत नेतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. पिस्तूल चांगलं असेल तर हे तुम्हाला कळतसुद्धा नाही. कळलं, की काहीतरी बिघडलंय.

पहिल्या दिवशी मला वाटलं, जमलं की आपल्याला! आमचे साहेब होते हेर लोरेन्ट्स; जर्मनमध्ये ‘हेर’ म्हणजे श्रीयुत आणि ‘फ्राऊ’ म्हणजे श्रीमती. त्यांनी माझ्या नकळत गोळ्यांमध्ये एक खोटी गोळी भरली. मी चाप ओढला, नुसतं ‘टिक’ झालं, आणि माझ्या हाताने पिस्तुलाला खाली असा हिसका दिला की मीच ओशाळले. धक्का येणार म्हणून हात आधीच घाबरला होता. साहेब म्हणाले, "गेनाऊ, अगदी हेच. माणूस आधी स्वतःचा हात तपासतो, फ्राऊ घोरपडे. मग पिस्तूल."

हे वाक्य मी पुढे दहा जणांना ऐकवलं असेल. एक दातांचे डॉक्टर आले होते. त्यांचं नवंकोरं पिस्तूल म्हणे डावीकडे मारतं, कंपनीवर दावा लावायचाय, तसं लिहून द्या. शिकंज्यात लावलं, पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्यात मावतील अशा बसल्या. मग त्यांच्याच हातात दिलं आणि मध्ये एक खोटी गोळी. टिक! हात डावीकडे. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, पिस्तूल सरळ आहे." ते इतके संतापले की माझ्या दातांच्या ठेवणीवर बोलून गेले. मी मात्र अहवालात एक अक्षर बदललं नाही. घरी येऊन हे ऐशी वेळा सांगितलं असेल. ‘आपल्या चुकीचं खापर हत्यारावर फोडू नये,’ वगैरे वगैरे. मोठी न्यायाधीशच की नाही मी!

आता हेर वाइगेल्ट. सत्तरी ओलांडलेले, एका खोलीच्या कारखान्यात एकट्याने काम करणारे बंदूक-कारागीर. आयुष्यभर दुसऱ्यांची हत्यारं दुरुस्त केली आणि शेवटी स्वतःचं एक पिस्तूल घडवलं. पंचेचाळीसचं. ते आमच्याकडे स्वतः घेऊन आले. कुलूपबंद पेटी उघडली तर आत फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेलं, तान्ह्या बाळासारखं. मी मूठ धरून बघितली तर माझी बोटं पुरेनात. ते नुसतं बघत राहिले. दोन दिवसांनी परत आले ते अक्रोडाच्या लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या घेऊन, मुठीवरच्या जाड पट्ट्यांच्या जागी लावायला. माझा हात त्यांनी मापला नव्हता, नुसता पाहिला होता, आणि पट्ट्या अशा बसल्या की जणू साच्यातून काढल्या. मी म्हटलं, "हेर वाइगेल्ट, हे अहवालात धरता येणार नाही हं." ते म्हणाले, "आल्झो, म्हणजे, अहवालासाठी नाही. तुमच्या हातासाठी."

शिकारी आणि खेळाच्या हत्यारांचा एक मोठा व्यापारी ते पिस्तूल विकायला घेणार होता. अट एकच, आमचा अहवाल स्वच्छ हवा. तो आला तर वाइगेल्ट आणखी काही वर्षं कारखाना चालवणार होते. नाही आला, तर पाटी उतरवणार होते. हे त्यांनी मला रडगाणं म्हणून सांगितलं नाही, कॉफी पिता पिता सहज सांगितलं.

पहिले दोन दिवस मी त्या पिस्तुलातून चारशे गोळ्या झाडल्या. माझ्या उभ्या नोकरीत तसं पिस्तूल हातात आलं नाही. चाप काच फुटावी तसा एकदम आणि स्वच्छ सुटायचा. धक्का होता, पण त्यात त्रागा नव्हता. नळी वर जायची आणि जिथून गेली तिथेच परत यायची. मी शेवटच्या पानाच्या कच्च्या मजकुरात लिहिलं होतं, ‘हे पिस्तूल हाताला शिकवतं.’ असलं काही मी कधी लिहीत नसे.

तिसरा दिवस शेवटचा. व्यापाऱ्याचा माणूस समोर बसणार, मी दोनशे गोळ्या सलग झाडणार. नियम असा की तीनदा अडकलं की चाचणी बंद. आणि तो दिवस नेमका खंडेनवमीचा.

आमच्या आबांचं कराडला लेथचं वर्कशॉप. खंडेनवमीला लेथला झेंडू, ड्रिलला हळदकुंकू, पान्यांची रांग मांडून पूजा. मी जर्मनीत आल्यापासून दरवर्षी घरच्या स्क्रू-ड्रायव्हरची आणि सुरीची पूजा करत आले. पण त्या वर्षी मला हुक्की आली. एवढं देखणं हत्यार, खरंखुरं हत्यार, माझ्या ताब्यात, तेही खंडेनवमीला! घोरपड्यांच्या घरात गेल्या चार पिढ्यांत सुरीपेक्षा मोठं हत्यार कुणी पुजलं नव्हतं. सकाळी चाचणीची मांडामांड माझ्याकडेच असायची. साडेसहाला पोचले, तिजोरीतून पिस्तूल काढलं, रिकामं असल्याची खात्री केली. शेजारी माझा मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि पिस्तुलाची दोन मॅगझिनं उभी ठेवली. मॅगझिन म्हणजे मुठीत खालून सरकवायची पत्र्याची चपटी डबी. आत स्प्रिंग, स्प्रिंगवर एक पट्टी, पट्टीवर गोळ्या एकावर एक. तोंडाशी पत्र्याच्या दोन कडा आत वळवलेल्या असतात, त्यांना ओठ म्हणतात. गोळी सरळ वर जाते की वाकडी, ते सगळं त्या ओठांवर आणि पट्टीवर.

आबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दहा वाजले होते, त्यांची पूजा आटोपली होती.

"आरं बाबा बाबा! हे खरं हाय?" आबा फोनच्या आत शिरायचे बाकी राहिले. "आणि अक्षता?"

मी चिमटीने चार दाणे टाकले.

"हे काय गं, कोंबडीला टाकल्यावानी? मूठभर घे की. आन् दोन्ही हातांनी वाहा."

घेतली मूठ. कुंकवात भिजवलेला आंबेमोहोर, सासूबाईंनी मागच्या खेपेला दिलेला. वाहिला दोन्ही हातांनी. आबांनी तिकडून हात जोडले. मग म्हणाले, "आज त्याला कामाला लावायचं न्हाई बरं का. हत्यार आज विसावा घेतं."

"हो आबा," मी म्हटलं. दोन तासांनी त्याच पिस्तुलातून दोनशे गोळ्या झाडायच्या होत्या.

फोन ठेवून सगळं पुसलं. पिस्तूल उघडून ब्रशने झाडलं, फुंकलं, पुन्हा पुसलं. टेबल चकाचक केलं. मॅगझिनं वरून पुसली. वरून.

पहिल्या मॅगझिनमधून लोण्यातून सुरी जावी तशा गोळ्या गेल्या. दुसरं लावलं. चौथी गोळी वर येताना नाक खाली करून अडकली. माझ्या हाताला ते आधी कळलं, मग डोळ्यांना. गोळी काढली, पुढे चालू. पुन्हा तेच मॅगझिन आलं, पुन्हा अडकलं. तिसऱ्यांदाही.

हेर लोरेन्ट्सनी हात वर केला. चाचणी बंद.

व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, "एवढ्या छोट्या हातात कदाचित..." मनगट सैल पडलं की असं पिस्तूल अडकतं, हे खरं आहे. माझ्या मनात चटकन आलं, हां, हेच म्हणू दे. पण हेर वाइगेल्टच मध्ये बोलले. "नाही. चारशे गोळ्या याच हाताने झाडल्यात. फ्राऊ घोरपडेंचा हात बरोबर आहे. दोष माझा आहे." मग ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "डोळे कमी झालेत माझे. ओठ वळवताना चुकलो असेन."

दुपारी मी एकटीने ते दुसरं मॅगझिन उघडलं. तळ काढला, स्प्रिंग ओढली, पट्टी बाहेर आली. तिच्याबरोबर आंबेमोहोराचे दोन लाल दाणे टेबलावर पडले. एक पट्टी आणि पत्र्याच्या मध्ये सापडून चेपला होता.

मी काय केलं? दाणे उचलले आणि एप्रनच्या खिशात टाकले. बस्स. तिथून उठून दहा पावलांवर साहेबांची खोली होती. दार उघडं होतं. मी दहा पावलं गेले नाही.

का नाही गेले, ते मी सात वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगितलं. नोकरी जाईल. चाचणीच्या जागेत असलं काही करणं म्हणजे प्रयोगशाळेची मान्यताच धोक्यात. पण खरं कारण याहून हलकं आहे. मला हसतील, याची भीती वाटली. ‘पिस्तुलावर तांदूळ टाकणारी भारतीण.’ गावातल्या प्रत्येक बेकरीत ही गोष्ट चघळली जाईल. त्या हसण्यापेक्षा एका म्हाताऱ्या माणसाने स्वतःला दोषी ठरवलेलं मला परवडलं. हे लिहितानाही कान तापलेत माझे.

आणि वर अहवालात मी लिहिलं, ‘दुसऱ्या मॅगझिनच्या ओठांची घडण तपासावी.’ बघा कसं सफाईदार वाक्य! त्यात खोटं कुठे बोट ठेवून दाखवता येणार नाही. दंतवैद्याला उपदेश करणारी मीच ती. ‘हे पिस्तूल हाताला शिकवतं’ ही ओळही खोडली, कारण ती त्या अहवालात शोभेना.

व्यापाऱ्याने पिस्तूल घेतलं नाही. त्यानंतर चार-पाच महिन्यांनी वाइगेल्ट मला बेकरीत भेटले. "अजून सापडत नाही," ते म्हणाले. "मी ते मॅगझिन पंचवीसदा उघडलं. दोष दिसतच नाही. याचा अर्थ डोळे खरंच गेले." मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही सरळ लिहिलंत, ते बरं केलंत. बाकीचे म्हाताऱ्याची कीव करून गप्प बसले असते." मी पावाची पिशवी घेऊन बाहेर पडले आणि गाडीत जाऊन रडले. पण सांगितलं नाही. पुढच्या वसंतात त्यांच्या कारखान्याची पाटी उतरली.

त्यानंतर दर खंडेनवमीला मी पूजा केली, पण अक्षता वाहिल्या नाहीत. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नाही. गेल्या वर्षी सासूबाई आल्या होत्या. त्यांच्या नजरेतून काय सुटतंय!

"अगं, अक्षता कुठायत?"

"अहो आई, राहू द्या."

"राहू द्या काय? आंबेमोहोर आणलाय मी मुद्दाम."

त्या आंबेमोहोराचं नाव काढलं आणि माझा बांध फुटला. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सगळं सांगितलं. सासूबाई ऐकत राहिल्या. मला वाटलं म्हणतील, जाऊ दे, देवाच्या कामात झालं, तुझा काय दोष. त्या म्हणाल्या, "जिवंत आहेत ना ते?"

"हो."

"मग माझ्यापुढे कशाला रडतेस? त्यांना जाऊन सांग." आणि फडताळातून डबा काढून त्यात करंज्या भरायला लागल्या. "रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आधीच तोंड वर करून जाता येण्यासारखं नाहीये."

मी गेले. वाइगेल्ट अजून त्याच घरात राहतात, खाली बंद कारखाना, वर ते. त्यांनी कॉफी केली. करंजी उलटसुलट करून कड बघितली, "हाताने दुमडलीये?" म्हणून विचारलं. मग मी सांगितलं. खंडेनवमी, आबा, मूठभर तांदूळ, दोन दाणे, एप्रनचा खिसा. जर्मनमध्ये अक्षतांना शब्द नाही, मी ‘आशीर्वादाचा तांदूळ’ म्हटलं आणि जीभ चावली.

ते रागावतील, हाकलतील, याची मी गाडीतून येतानाच तयारी केली होती. त्यांनी हातातली करंजी बशीत ठेवली. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. "म्हणजे ओठ बरोबर होते?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो. पहिल्यापासून."

"मी चुकलो नव्हतो," ते म्हणाले. माझ्याशी नाही, स्वतःशी. दोनदा म्हणाले. मग उठून कठड्याला धरत खाली कारखान्यात गेले. मी मागे गेले. कामाच्या टेबलावर चादर टाकलेली होती. खालच्या खणातून त्यांनी एक फ्लॅनेलचं कापड काढलं आणि माझ्यासमोर उलगडलं.

तेच मॅगझिन, आकडा दोन कोरलेलं. ओठ कानसून कानसून कागदासारखे झालेले, एका बाजूने तर कड उरलीच नव्हती. नसलेला दोष शोधता शोधता त्यांनी बरोबर असलेली वस्तू थोडी थोडी करून संपवली होती. सगळ्यात खोल ओरखडे सगळ्यात नवे दिसत होते.

"आता हे खरंच चुकीचं आहे," ते म्हणाले. त्यांनी तो पत्रा माझ्या तळहातावर ठेवला, आणि स्टुलावर बसले. क्षमा करतो असं ते म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही, मागायचं तोंडच नव्हतं. निघताना करंजीचा डबा त्यांनी धुऊन परत दिला; मॅगझिन मात्र माझ्याकडून परत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेर लोरेन्ट्सना सांगितलं आणि राजीनामा दिला. जुन्या अहवालाला दुरुस्तीचं पान जोडलं गेलं. सात वर्षांनी ते वाचणार कोण? आता मी येनात भिंगांच्या चौकटी मोजते. तिथे धक्का नाही, आवाज नाही, शेवटचं पान नाही.

यंदाच्या खंडेनवमीला पाटावर माझा मायक्रोमीटर होता, व्हर्नियर होता, आणि त्या दोघांच्या मध्ये ते मॅगझिन. आबांना कॉल लावला. आबा म्हणाले, "हे काय गं, मोडकं काय पुजायला मांडलंयस?"

मी म्हटलं, "आबा, हे मी मोडलंय."